मामा तलावावर पलटणीच्या पद्धतीने पोहण्याच्या आणि होड्यांच्या स्पर्धा कशा भरवायच्या

पलटणीत पोहण्याच्या स्पर्धा झाल्या की संध्याकाळी लंगरात एकच विषय असतो: कुठली कंपनी जिंकली? पन्नास मीटरमध्ये पहिल्या आलेल्या जवानाचं नाव निघतं, पण मागाहून. पायदळाच्या पलटणीत अल्फा, ब्राव्हो, चार्ली आणि डेल्टा अशा चार रायफल कंपन्या असतात आणि गुण जमा होतात ते कंपनीच्या खात्यात. त्यामुळे ज्याला पोहता येत नाही त्याला शिकवण्याची घाई त्याच्यापेक्षा त्याच्या सोबत्यांनाच जास्त असते. एक जण मागे राहिला तर ढाल दुसऱ्या कंपनीकडे जाते. मी सॅपर, म्हणजे सैन्याच्या इंजिनिअर पलटणीत होतो. पूल बांधणं आणि होड्यांतून माणसं पार नेणं हाच आमचा धंदा. पाण्याला घाबरणारी पोरं या पद्धतीमुळे पट्टीची पोहणारी झालेली मी पाहिली आहेत.

ही पद्धत आपल्या गावात सहज आणता येते. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली हा तलावांचा मुलूख. गोंड राजांच्या काळापासून कोहळी समाजाच्या हातांनी बांधलेले तलाव जागोजागी आहेत. मालगुजारी, म्हणजे सारा वसूल करणाऱ्या जमीनदारांची पद्धत, १९५० च्या कायद्याने संपली, पण तलाव राहिले आणि माजी मालगुजारीचं बोलीत 'मामा' झालं. एवढं पाणी उशाशी असून दरवर्षी पोरं बुडतात, कारण पोहायला कुणी रीतसर शिकवत नाही. सैन्यात जायचं म्हणून पहाटे डांबरी रस्त्यावर धावणारी पोरं गावोगाव दिसतात. भरतीच्या शारीरिक चाचणीत १.६ किलोमीटर धावणं, बीमवर पुलअप्स, नऊ फुटांचा खड्डा आणि तोल सांभाळणं एवढंच बघतात. पोहणं बघत नाहीत, म्हणून ते शिकायचं राहून जातं.

'आमच्याकडे समुद्र कुठे आहे' असं म्हणणाऱ्यांना दोन नावं सांगावीत. दत्तू भोकनळ नाशिक जिल्ह्यातल्या चांदवड तालुक्याचा, टंचाईच्या गावातला. २०१२ साली तो सॅपरांच्याच बॉम्बे इंजिनिअर ग्रुपमध्ये भरती झाला तेव्हा त्याला पाण्याची भीती वाटायची. सैन्याने त्याला वल्हं मारायला शिकवलं. २०१६ च्या रिओ ऑलिम्पिकमध्ये तो एकट्याच्या नौकेत तेरावा आला आणि २०१८ च्या आशियाई स्पर्धेत चौघांच्या नौकेत त्याने सुवर्णपदक मिळवलं. दुसरे मुरलीकांत पेटकर. ते ईएमई, म्हणजे सैन्याची वाहनं आणि यंत्रं दुरुस्त करणाऱ्या कोअरचे जवान आणि मुळात बॉक्सर. १९६५ च्या युद्धात गोळ्या लागून त्यांचं कमरेखालचं शरीर लुळं पडलं. मग ते पोहण्याकडे वळले आणि १९७२ च्या हायडेलबर्ग पॅरालिम्पिकमध्ये ५० मीटर पोहण्यात ३७.३३ सेकंदांच्या विश्वविक्रमासह भारताला पहिलं सुवर्ण मिळवून दिलं. शिडाच्या होड्यांचंही तसंच आहे. हैदराबादच्या हुसेनसागरावर ईएमईच्या सेलिंग असोसिएशनच्या शर्यती होतात आणि तिथून समुद्र कितीतरी कोस लांब आहे.

आता कामाला लागू.

तलाव निवडताना

सगळ्यात मोठा किंवा देखणा तलाव शोधत बसू नका. ज्याची पार, म्हणजे मातीचा बांध, सरळ आणि पायी चालता येईल अशी आहे, काठापासून वीस-पंचवीस मीटरपर्यंत तळ हळूहळू खोल होत जातो आणि जिथवर ॲम्ब्युलन्स येऊ शकते, तो तलाव चांगला. लांब बांबूवर दर अर्ध्या मीटरला रंगाचा पट्टा मारा, डोंग्यात, म्हणजे मच्छीमारांच्या लहान होडीत, बसा आणि स्पर्धेच्या सगळ्या जागेत खोली मोजून कागदावर उतरवा. गाळात बांबू एक हातापेक्षा जास्त रुतत असेल तर ती जागा सोडा. नवशिक्याचा पाय गाळात अडकला की तो घाबरतो, आणि घाबरलेला माणूस छातीभर पाण्यातही बुडतो.

पाणी सोडायच्या गेटापासून आणि सांडव्यापासून किमान शंभर मीटर दूर राहा. गेट उघडं असताना वरून पाणी शांत दिसतं, पण खाली ओढ असते. स्पर्धेच्या दिवशी आणि सरावाच्या वेळी गेट बंद राहील, हे पाणीवाटप बघणाऱ्या माणसाकडून आधीच पक्कं करून घ्या.

मग तळ साफ करायचा. गणपती आणि दुर्गादेवीच्या विसर्जनातले लाकडी पाट, खिळे, तारा आणि बांबूच्या कामट्या नेमक्या घाटाजवळच पडलेल्या असतात. चार-पाच जणांनी जाड तळव्याचे बूट घालून कंबरभर पाण्यात एका रांगेत चालावं आणि पायाला जे लागेल ते बाहेर काढावं. त्यापुढच्या खोल भागात दोन डोंग्यांच्या मधे दोर सोडून तो तळावरून ओढायचा. फाटक्या जाळ्याचा तुकडा दिसला तर सोडू नका, कारण नायलॉनचं जाळं पायाला गुंडाळलं की चांगला पोहणाराही अडकतो. शिंगाड्याची लागवड असलेला भाग पूर्ण वगळा.

सारस किंवा हिवाळी बदकं उतरतात असा तलाव मी तरी निवडणार नाही. पोहायला दुसरं पाणी मिळतं, त्या पक्ष्यांना मिळत नाही.

कधी भरवायची

दिवाळीनंतर मंडईचे, म्हणजे गावोगावच्या जत्रांचे, दिवस सुरू होतात. पाहुणे गावात असतात, हलक्या धानाची कापणी उरकलेली असते, तलाव भरलेला असतो आणि पावसाचा गढूळपणा बसलेला असतो. नोव्हेंबरच्या मधला एखादा रविवार सगळ्यात बरा. मंडईच्याच दिवशी मात्र ठेवू नका. रात्रभर दंडार किंवा नाटक बघून जागलेलं पोरगं सकाळी पाण्यात उतरवणं धोक्याचं आहे. मे महिना टाळा: पाणी खाली गेलेलं, गाळ उघडा आणि दुपारी कुठूनही वावटळ उठते. पावसाळ्याचा तर विचारच नको. विजांनी आपल्याकडे किती माणसं जातात ते सांगायला नको.

परवानग्या

बहुतेक मामा तलाव जिल्हा परिषदेच्या लघुपाटबंधारे विभागाकडे असतात, काही जलसंपदा विभागाकडे. मासेमारीचा ठेका मात्र मच्छीमार सहकारी संस्थेकडे असतो आणि सगळ्यात आधी जायचं ते या संस्थेकडेच. ढिवर, भोई आणि केवट मंडळींना त्या पाण्याचा इंच न् इंच माहीत असतो. त्यांच्या जाळ्यांचं नुकसान होणार नाही असा दिवस ठरवा, त्यांच्या डोंग्यांचं भाडं द्या आणि बचावाच्या होड्यांवर त्यांचीच पोरं ठेवा. माझ्या मते ही मंडळी सोबत नसतील तर स्पर्धा भरवूच नये.

त्यानंतर ग्रामपंचायतीचा ठराव, संबंधित विभागाचं पत्र, पोलीस ठाण्याला अर्ज, तहसील कार्यालयाला माहिती आणि प्राथमिक आरोग्य केंद्राला डॉक्टर व ॲम्ब्युलन्ससाठी विनंती. वनक्षेत्राला लागून असलेल्या तलावासाठी वनविभागाचीही परवानगी लागते. या कागदांना महिना धरून चाला.

टोल्या पाडणं

सगळ्या स्पर्धेचा प्राण या पायरीत आहे. खुली स्पर्धा ठेवली की आजूबाजूच्या गावांतले तेच चार पट्टीचे पोहणारे येतात, बक्षिसं घेतात आणि जातात. बाकीचं गाव पारीवर बसून बघतं. त्याऐवजी गावाच्या चार टोल्या पाडा, मोहल्ल्यांप्रमाणे किंवा चिठ्ठ्या टाकून. मला चिठ्ठ्या बऱ्या वाटतात, कारण मोहल्ल्याचं जुनं भांडण पाण्यात उतरत नाही. प्रत्येक टोलीत पोहणारे बारा जण. त्यांत किमान चार मुली आणि किमान चार असे, ज्यांना सराव सुरू होण्याआधी पोहता येत नव्हतं. टोलीला एक नायक आणि एक उपनायक.

शिवाय टोलीच्या आतही जोड्या लावायच्या. सैन्यात याला बडी म्हणतात. एक पोहता येणारा आणि एक नवखा. सरावाला दोघं मिळूनच पाण्यात उतरतात आणि मिळूनच बाहेर येतात. बडी आला नसेल तर त्या दिवशी त्याच्या जोडीदारानेही उतरायचं नाही. हा नियम पहिल्या दिवसापासून पाळला की पुढे पोरं आपणच एकमेकांकडे लक्ष ठेवतात.

फिट येणारे, हृदयाचा किंवा दम्याचा त्रास असणारे आणि अंगावर उघडी जखम असलेले यांना पाण्याबाहेरची कामं द्या. घाण पाणी जखमेतून गेलं तर लेप्टोस्पायरोसिसचा ताप येऊ शकतो. १८ वर्षांखालच्या प्रत्येकाच्या आईबापाची लेखी संमती घ्या, आणि ती घरी जाऊन घ्या, म्हणजे त्यांच्या शंकाही तिथेच फिटतात. मुलींना टी-शर्ट आणि गुडघ्यापर्यंतची घट्ट पॅन्ट पुरते. कपडे बदलायला बंद तंबू आणि पाण्यात एखादी पोहता येणारी बाई असली की मुलींची संख्या आपोआप वाढते.

सहा आठवड्यांचा सराव

पहिल्या आठवड्यात कुणालाही पोहायला शिकवू नका, तरंगायला शिकवा. छातीभर पाण्यात बडी पाठीमागे उभा राहतो आणि नवख्याच्या डोक्याखाली तळहात धरतो. नवखा कान पाण्यात बुडवून आकाशाकडे बघत आडवा होतो. कान बुडाले की माणूस दचकतो, मान उचलतो, आणि मान उचलली की कंबर खाली जाते. म्हणून सारखं एकच सांगायचं: पोट वर, हनुवटी वर, श्वास सोडू नकोस. छातीत हवा असेल तर शरीर तरंगतंच. हे एकदा अंगाला कळलं की हात आपोआप ढिले पडतात. त्यानंतर बडीने हात काढून घ्यायचा, पण सांगून. न सांगता सोडलेलं पोरगं पुन्हा विश्वास ठेवत नाही.

दुसऱ्या आठवड्यात श्वास. आपल्याकडची पोरं मुंडकं वर काढून बेडकासारखी पोहतात आणि पंचवीस मीटरमध्ये दमतात. काठ धरून तोंड पाण्यात घालायचं, नाकातोंडाने बुडबुडे काढत श्वास पूर्ण सोडायचा, मान एका बाजूला वळवून श्वास घ्यायचा आणि परत. दहा-दहाचे डाव. हे कंटाळवाणं आहे, पण याला पर्याय नाही.

तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात पाय मारणं, मग हात, मग दोन्ही. पूर्वी वाळक्या भोपळ्याची सांगड पाठीला बांधायचे, नंतर तेलाचा डबा आणि ट्रॅक्टरची ट्यूब आली. कमरेला बांधलेला रिकामा बंद डबा चालतो. ट्यूबमध्ये बसून खोल पाण्यात जाणं मात्र पूर्ण बंद करा, कारण हातातून सुटली की ती वाऱ्याने पुढे निघून जाते. शेवटच्या दोन आठवड्यांत अंतर वाढवा आणि प्रत्येकाला अंगातल्या शर्ट-पॅन्टसकट दहा मीटर पोहायला लावा. तलावात पाय घसरून पडणारा माणूस कपड्यांतच असतो.

सरावाच्या शेवटी चाचणी. शंभर मीटर न थांबता आणि त्यापाठोपाठ दोन मिनिटं जागेवर तरंगणं, हे जमेल त्यालाच खोल पाण्यातल्या शर्यती. ज्याला जमलं नाही त्याच्यासाठी छातीभर पाण्यातली फेरी आहे. ती कमी मानाची नाही, आणि ते गुणांत कसं दिसतं ते पुढे येईलच.

पाण्यातली मांडणी

शर्यतीचा पट्टा पारीला समांतर आखायचा, तलावाच्या मध्याकडे नेऊ नका. पोहणारा कुठेही असला तरी काठ तीस मीटरच्या आत हवा. पारीवर टेपने ५० मीटर मोजा, खुंट्या ठोका आणि त्यांच्या समोर पाण्यात खुणा सोडा. खुणेसाठी २० लिटरचा रिकामा कॅन भगव्या रंगाने रंगवून झाकण पक्कं करायचं आणि मुरूम भरलेल्या सिमेंटच्या पोत्याला नायलॉनच्या दोराने बांधायचा. दोर खोलीपेक्षा थोडाच लांब ठेवा, नाहीतर वाऱ्याने खूण सरकते. नवशिक्यांची फेरी २५ मीटरची. त्यासाठी छातीभर पाण्यात दोन्ही बाजूंना दोर ताणा आणि दर मीटरला पाण्याची रिकामी बाटली बांधा. दमलेल्याने तो दोर धरायचा.

सुरुवात पाण्यातूनच, एका हाताने दोर धरून. काठावरून सूर मारायला सक्त मनाई. उथळ पाण्यात सूर मारून मानेचा मणका मोडतो आणि तो माणूस पुन्हा उभा राहत नाही. पारीवरचे दगड शेवाळलेले असतात, तेव्हा उतरायच्या जागेवर गोणपाट टाकून वर वाळूची पोती ठेवा.

गिनती आणि बचाव

ही पायरी वाचून सोडून देऊ नका. एका प्लायवूडच्या फळ्यावर ४८ खिळे ठोका आणि प्रत्येकाखाली क्रमांक रंगवा. तेवढेच पत्र्याचे बिल्ले बनवा, कडा कानशीने घासून आणि भोकात जाड रबर ओवून. टोलीप्रमाणे चार रंग. पाण्यात उतरणारा आपला बिल्ला खिळ्यावरून काढतो आणि मनगटात घालतो. बाहेर आला की आधी बिल्ला खिळ्यावर, मग टॉवेल. फळ्याजवळ एक माणूस बसतो आणि त्याला दुसरं काहीही काम नसतं, फोनसुद्धा नाही. प्रत्येक फेरी संपली की तो मोठ्याने गिनती करतो. खिळा रिकामा दिसला की शिट्टी, सगळी स्पर्धा थांबते, सगळे पाण्याबाहेर येतात आणि शोध सुरू होतो. पोरगं झाडाखाली चहा पीत बसलेलं सापडलं तरी चालेल, पण शिट्टी वाजलीच पाहिजे. सरावाच्या दिवसांतही फळा तिथेच.

पाण्यात एका वेळी आठच जण, प्रत्येक टोलीचे दोन. म्हणजे ४८ जणांच्या सहा फेऱ्या होतात. दोन डोंगे पट्ट्याच्या बाहेरच्या बाजूला, प्रत्येकात वल्हेवाला आणि एक बचाव करणारा. एका डोंग्याने चौघांवरच नजर ठेवायची. डोंग्यातल्या प्रत्येकाच्या अंगावर फोमचं लाइफ जॅकेट, कितीही पट्टीचा असला तरी.

बचावाचा क्रम सगळ्या गावाला पाठ करून द्या: आधी काठी, मग दोर, मग होडी आणि शेवटी माणूस. बुडणाऱ्याला वाचवायला उडी मारलेला भाऊ किंवा मित्र त्याच्यासोबत जातो, हे आपण दरवर्षी पेपरात वाचतो. काठावर चार-पाच मीटरचे बांबू ठेवा. दोरासाठी पाच लिटरचा तेलाचा रिकामा कॅन घ्या, त्यात पेलाभर पाणी घाला म्हणजे वाऱ्यात भरकटत नाही, झाकण घट्ट करा आणि मुठीला वीस मीटरचा नायलॉनचा दोर बांधा. कॅन माणसाच्या डोक्यापलीकडे फेकायचा आणि दोर त्याच्या खांद्यावर पडेल असा ओढून आणायचा. फेकणाऱ्याने स्वतः खाली बसावं, नाहीतर ओढणीने तोच पाण्यात जातो.

बाहेर काढलेला माणूस श्वास घेत नसेल तर पोट दाबणं, उलटं टांगणं, गरगर फिरवणं यातलं काहीही करू नका. त्यात वेळ जातो आणि पोटातलं पाणी फुप्फुसात उतरतं. सपाट जागेवर उताणं निजवा, हनुवटी वर करून मान मागे करा, नाक चिमटीत धरा आणि तोंडाने श्वास द्या. बुडालेल्या माणसात आधी श्वास, कारण त्याला हवा कमी पडलेली असते. मग छातीच्या मधोमध ३० दाब, २ श्वास, पुन्हा ३० दाब. दाब किमान पाच सेंटीमीटर खोल, मिनिटाला १०० ते १२० च्या लयीत. दुसऱ्याने तोवर १०८ ला फोन करावा. शुद्धीवर आला तरी दवाखान्यात न्यायचाच, कारण त्रास काही तासांनीही वाढतो. आरोग्य केंद्राच्या डॉक्टरांना विनंती करून स्पर्धेआधी एका संध्याकाळी सगळ्या नायकांकडून हे उशीवर करून घ्या.

ढगाचा गडगडाट ऐकू आला की पाणी आणि पार दोन्ही रिकामी करा. शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास कुणी परत उतरायचं नाही. पुण्याच्या आयआयटीएम संस्थेचं दामिनी ॲप दोन-तीन फोनवर असू द्या.

शर्यती आणि गुण

पुढची आखणी चार टोल्यांना पुरते.

सगळ्यांची फेरी: २५ मीटर, छातीभर पाण्यात, दोन मिनिटांच्या आत. बाराच्या बारा उतरतात आणि वेळेत पोहोचणाऱ्या प्रत्येकाचा टोलीला एक गुण. पहिला कोण आला याला इथे किंमत नाही.

मुलगे आणि मुलींसाठी ५० मीटर वेगळी, चाचणी पार केलेल्यांसाठी १०० मीटर आणि कपड्यांसकट २५ मीटर. यांत पहिल्याला ५, दुसऱ्याला ३, तिसऱ्याला २, चौथ्याला १. सहा जणांची रिले शेवटी ठेवा, दुप्पट गुणांची. पुढच्याने दोर धरून पाण्यातच थांबायचं आणि सोबत्याने दोराला हात लावला की सुटायचं.

दोरफेक माझ्या सगळ्यात आवडीची. पंधरा मीटरवर लाइफ जॅकेट घातलेला सोबती तरंगतो आणि काठावरचा त्याला कॅन फेकून ओढून आणतो. घड्याळ फेकण्याआधी सुरू होतं आणि सोबत्याचा हात काठाला लागला की थांबतं. यात पोहता न येणारी माणसंही भाग घेऊ शकतात. बचत गटाच्या बायकांना आवर्जून बोलवा, कारण धुणं धुताना तलावावर पहिल्या त्याच असतात. हिचे गुणही ५, ३, २, १.

गुणांचा परिणाम बघा. एका टोलीकडे दोन पट्टीचे पोहणारे आहेत आणि त्यांनी दोन शर्यतींत पहिला नंबर घेतला: १० गुण. पण सगळ्यांच्या फेरीत तिचे सातच पोहोचले: एकूण १७. दुसरीचे त्याच शर्यतींत दोन दुसरे नंबर, म्हणजे ६ गुण, आणि फेरीत बारा पोहोचले: एकूण १८. दुसरी पुढे गेली, ती ज्यांना सहा आठवड्यांपूर्वी तरंगता येत नव्हतं त्यांच्या जोरावर. हे गणित सरावाच्या पहिल्याच दिवशी फळ्यावर मांडा. नायक त्याच संध्याकाळी नवख्यांच्या घरी जातात.

वेळ मोबाईलच्या स्टॉपवॉचवर घ्या. पहिल्या येणाऱ्यावर तीन घड्याळं लावली तर मधली वेळ धरायची, दोनच असतील तर सरासरी.

डोंग्यांची शर्यत

दोघं वल्हेवाले, शंभर मीटर जाऊन खुणेला वळसा घालून परत. डोंगे कधीच सारखे नसतात, तेव्हा प्रत्येक फेरीनंतर ते चिठ्ठीने बदला आणि सगळ्या फेऱ्यांच्या वेळा एकत्र करा. दोघांच्याही अंगावर लाइफ जॅकेट. उलटला तर डोंग्याला धरून राहायचं, काठाकडे पोहायचं नाही: लाकूड तरंगतं आणि लांबून दिसतं.

शिडाची होडी

गावच्या डोंग्याला शीड बांधून पाहायचा मोह होईल. तो टाळा. शिडाच्या होडीच्या पोटाखाली एक उभी फळी असते आणि तीच होडीला आडवी सरकण्यापासून थोपवते. डोंग्याला ती नसते आणि तळ गोल असतो, त्यामुळे पहिल्याच झोताला तो उलटतो. खरी होडीच आणा. १५ वर्षांखालच्या मुलांसाठी ऑप्टिमिस्ट आणि मोठ्यांसाठी एकट्याने चालवायची इल्का, जिला पूर्वी लेझर म्हणत. आशियाई स्पर्धेत कांस्यपदक मिळवणारा आणि टोकियो व पॅरिस ऑलिम्पिकला गेलेला सैन्याचा विष्णू सरवणन हीच होडी चालवतो. अशा दोन सारख्या होड्या आणि त्यांच्यासोबत जाणता प्रशिक्षक एका आठवड्यासाठी मिळाला तरच हा भाग ठेवा. आपल्या भागातले माजी सैनिक कामी येतात. कामठीला ब्रिगेड ऑफ द गार्ड्सचं रेजिमेंटल सेंटर आहे, तिथून निवृत्त झालेले आणि सॅपर, ईएमईमधले कितीतरी जण गावोगाव आहेत. त्यांच्या ओळखीतून माणूस मिळतो.

मामा तलाव बहुधा टेकड्यांच्या मधे पार घालून अडवलेला असतो, त्यामुळे काठाजवळ वारा वळतो आणि थांबतो. तलावाच्या मध्यावर तो सरळ असतो. काठीला रंगीत चिंधी बांधून तीन-चार ठिकाणी रोवा आणि वारा कुठून येतो ते आठवडाभर त्याच वेळेला बघा. पाण्यावर फेसाचे पांढरे तुरे दिसू लागले की नवशिक्यांना बाहेर काढा.

होडी वाऱ्याच्या नाकासमोर जात नाही. साधारण ४५ अंशांत तिरपी घेत, नागमोडी वळणांनी वर चढावं लागतं. म्हणून पहिली खूण वाऱ्याच्या दिशेला लावतात आणि सुरुवातीची रेषा वाऱ्याला काटकोनात. सुरुवातीचे इशारे जगभर सारखेच आहेत: पाच मिनिटं आधी पहिला झेंडा वर, चार मिनिटं आधी दुसरा, एक मिनिट राहिलं की दुसरा खाली, शून्याला पहिला खाली आणि शर्यत सुरू. शिट्टी लक्ष वेधायला, वेळ झेंड्यावरून. टक्कर टाळायचे नियम दोन सांगितले तरी पुरे: ज्याला वारा उजव्या अंगाने लागतो त्याचा हक्क, डाव्या अंगाने लागणाऱ्याने वाट द्यायची. दोघांनाही एकाच अंगाने लागत असेल तर वाऱ्याकडच्याने बाजूला व्हायचं.

दोनच होड्या असल्याने दोन-दोन टोल्यांची गाठ लावा आणि प्रत्येक गाठ होड्या बदलून दोनदा खेळवा. आधी मात्र प्रत्येकाकडून होडी मुद्दाम उलटवून घ्या आणि पोटाखालच्या फळीवर उभं राहून सरळ करायला लावा. ज्याला हे जमलं नाही तो शर्यतीत नाही.

स्पर्धेचा दिवस आणि त्यानंतर

नोव्हेंबरात सकाळी पाणी गार असतं, म्हणून नऊला सुरू करा आणि एकपर्यंत संपवा. दारू प्यालेला माणूस, मग तो कुणाचाही कुणी असो, पारीवर येता कामा नये. दोन पोलीस त्यासाठीच मागा. भाषणं नंतर ठेवा, ओल्या अंगाच्या पोरांना उभं करून नको. बक्षीस एकच: टोलीची ढाल, वर्षभर ग्रामपंचायतीत लावायची. सहभागाचं प्रमाणपत्र द्या, पण त्याने सैन्यात स्पोर्ट्स कोटा मिळतो असं कुणाला सांगू नका. त्याला राज्य आणि राष्ट्रीय पातळीवरची कामगिरी लागते. ८ ते १४ वयाचं एखादं पोरगं खरंच हुशार दिसलं तर त्याच्या घरच्यांना सैन्याच्या बॉइज स्पोर्ट्स कंपनीच्या निवड चाचण्यांची माहिती काढून द्या.

त्याच संध्याकाळी सगळे कॅन, दोर, पोती आणि बाटल्या मोजून पाण्याबाहेर काढा. सुटलेला नायलॉनचा दोर पुढच्या वर्षी कुणाच्या तरी पायात येतो. मच्छीमार संस्थेला डोंगे आणि भाडं पोहोचवा. एका वहीत प्रत्येकाचं नाव, टोली, वेळ आणि सराव सुरू होताना त्याला पोहता येत होतं की नव्हतं हे लिहा. पुढच्या वर्षीच्या टोल्या याच वहीवरून पाडायच्या आहेत. बिल्ल्यांचा फळा आणि फेकायचे कॅन मात्र गोडाऊनमध्ये टाकू नका. कॅन दोरासकट तलावाच्या घाटावर खांबाला टांगून ठेवा आणि ते जागेवर आहेत की नाही हे दर सोमवारी बघायचं काम टोल्यांना आळीपाळीने द्या.